न दिसणाऱ्याचा हिशेब

मेळघाटच्या जंगलात वाघ सहसा दृष्टीस पडत नाही. वनरक्षकाला दिसतो तो ओल्या मातीत उमटलेला पंजा, झाडाच्या सालीवर ओढलेली नखे आणि वाटेवर पडलेले शिकारीचे अवशेष. एवढ्यावरून तो वाघाची दिशा ओळखतो, ठसा ताजा की शिळा हे सांगतो. वाघ दिसला नाही म्हणून तो जंगलात नाहीच, असे वनरक्षक म्हणत नाही. त्याचप्रमाणे, एखादा अस्पष्ट ठसा दिसला म्हणून वाघ आहेच, अशी ग्वाहीही तो देत नाही. खुणा वाचणे आणि खुणांवरून घाईने निष्कर्ष न काढणे, अशी दोन्ही कामे त्याला करावी लागतात.

सृष्टीतील पदार्थ ज्यांपासून बनले आहेत, त्या मूलकणांचा शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञांचे कामही याच जातीचे आहे. फरक एवढाच, की वाघ केव्हा तरी समोर येऊ शकतो. मूलकण मात्र कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून कधीच दिसणार नाही. एक मिलिमीटर लांबीत सुमारे एक कोटी अणू ओळीने बसतात. अणूचा गाभा म्हणजे अणुकेंद्र हे अणूच्याही दहा हजारपटींहून अधिक लहान असते. मूलकण त्याहूनही सूक्ष्म. मग ‘नवा कण सापडला’ असे शास्त्रज्ञ कशाच्या आधारे सांगतात? त्यांच्यावर आपण विश्वास का ठेवावा? या शोधात आपल्या देशातील, विशेषतः मुंबई-पुण्याकडील संशोधकांचा वाटा कोणता? या प्रश्नांची उत्तरे आपण या पाठात पाहणार आहोत.

ठशांवरून ओळख

विद्युतभार असलेला कण हवेतून किंवा अन्य पदार्थातून वेगाने जातो, तेव्हा वाटेतील अणूंमधले इलेक्ट्रॉन तो बाहेर ढकलतो. त्याच्या मार्गावर विद्युतभारित अणूंची एक रांग मागे राहते. हाच त्या कणाचा ठसा होय. प्रश्न असतो तो हा ठसा डोळ्यांना दिसेल असा करण्याचा.

सी. टी. आर. विल्सन या स्कॉटलंडच्या शास्त्रज्ञाने १८९४ साली बेन नेव्हिस पर्वतावरील ढगांचे मनोहारी खेळ पाहिले आणि तसे ढग प्रयोगशाळेत निर्माण करण्याचा ध्यास घेतला. त्याने बंद पेटीतील दमट हवा एकाएकी थंड केली. अशा हवेतील बाष्प विद्युतभारित अणूंभोवती थेंबांच्या रूपाने जमते. १९११ साली त्याला या पेटीत कणांचे मार्ग पांढऱ्या रेघांप्रमाणे दिसू लागले. निरभ्र आकाशात उंचावरून जाणारे विमान दिसत नाही, पण त्याच्यामागे राहिलेली पांढरी रेघ दिसते. तसेच हे आहे.

अशा पेटीजवळ शक्तिशाली चुंबक ठेवला, तर ठशावरून अधिक माहिती मिळते. चुंबकाच्या प्रभावाने धनभारित कण एका बाजूस वळतो, तर ऋणभारित कण दुसऱ्या बाजूस. संथ कण जास्त वळतो, वेगवान कण कमी वळतो. रेघेच्या वळणावरून कणाचा भार आणि त्याची गती यांचा अंदाज बांधता येतो.

१९३२ साली कार्ल अँडरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाला अशा पेटीत एक विलक्षण रेघ आढळली. ती इलेक्ट्रॉनच्या रेघेसारखीच होती. फक्त उलट्या बाजूला वळलेली होती. तो धनभारित इलेक्ट्रॉन होता काय? की विरुद्ध दिशेने आलेला साधाच इलेक्ट्रॉन होता? दोन्ही प्रकारांत रेघ सारखीच दिसली असती. परंतु अँडरसनने पेटीच्या मध्यभागी शिशाची एक पट्टी बसवलेली होती. पट्टी ओलांडताना कणाची गती कमी होते आणि पुढे तो अधिक वळतो. त्यामुळे कण कोणत्या बाजूने शिरला व कोणत्या बाजूने बाहेर पडला, हे निश्चित झाले. अशा रीतीने ‘पॉझिट्रॉन’ हा नवा कण ज्ञात झाला. शिशाची ती साधी पट्टी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कोणती शंका घेतली जाईल, हे ओळखून तिच्या निरसनाची सोय यंत्रातच करून ठेवणे, हे चांगल्या प्रयोगाचे लक्षण होय.

उणिवेवरून ओळख

काही कण मात्र कसलाच ठसा ठेवत नाहीत. त्यांना विद्युतभार नसतो आणि पदार्थातून ते जणू पदार्थ नसल्याप्रमाणे निघून जातात. त्यांची ओळख कशी पटणार? येथे वनरक्षकाचे कौशल्य पुरे पडत नाही. हिशेबनिसाची दृष्टी लागते.

रात्री दुकान बंद करताना दुकानदार दिवसभराचा हिशेब जुळवतो. गल्ल्यात शंभर रुपये कमी भरले, तर ‘पैसे हवेत विरले’ असे तो मानत नाही. कोणी तरी ते नेले असले पाहिजेत, असाच निष्कर्ष तो काढतो. निसर्गाच्या दुकानातही एक नियम काटेकोरपणे पाळला जातो. ऊर्जा एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते, परंतु एकूण ऊर्जा कमी होत नाही आणि वाढतही नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत हा हिशेब एका ठिकाणी जुळेना. काही किरणोत्सारी अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, तेव्हा त्याच्यापाशी अपेक्षेपेक्षा कमी ऊर्जा आढळत असे, आणि ही तूट दर वेळी निराळी असे. ऊर्जेचा नियमच येथे लागू पडत नसेल, असे म्हणण्यापर्यंत काही थोर शास्त्रज्ञांची तयारी झाली होती. १९३० साली वोल्फगांग पाउली याने वेगळाच विचार मांडला. नियम खरा आहे. उरलेली ऊर्जा एक अदृश्य कण घेऊन जात आहे, असे त्याने सुचवले. हाच पुढे ‘न्यूट्रिनो’ या नावाने प्रसिद्धीस आला. तो प्रत्यक्ष प्रयोगातून सिद्ध होण्यास १९५६ साल उजाडले. फ्रेडरिक राइनेस आणि क्लाइड कोवन यांनी अमेरिकेतील एका अणुभट्टीजवळ तो सिद्ध केला. हिशेबातील तूट आणि तिचा पुरावा यांमध्ये सव्वीस वर्षे गेली.

या अदृश्य कणाच्या कथेतील एक प्रकरण भारतात घडले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी कर्नाटकातील कोलार येथील सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर आपली उपकरणे मांडली होती. अवकाशातून येणारे विश्वकिरण हवेवर आदळले की असंख्य कण निर्माण होतात. त्यांतील बहुतेक कण खडकाच्या जाड थरात अडतात. न्यूट्रिनो मात्र खोलवर पोहोचतो. इतक्या खोलीवरच्या शांततेत त्याची क्वचित होणारी टक्कर ओळखणे शक्य होते. जपानमधील ओसाका आणि इंग्लंडमधील डरहॅम या विद्यापीठांच्या सहकार्याने, १९६५ साली वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा तेथे नोंदल्या गेल्या. जगातील अशा अगदी पहिल्या नोंदींमध्ये तिची गणना होते. ज्या बोगद्यांत खाणकामगार सोने शोधीत होते, त्याच बोगद्यांत शास्त्रज्ञ न दिसणाऱ्या कणांची वाट पाहत होते.

टक्कर कशासाठी?

कणांचा माग काढण्याच्या या दोन रीती झाल्या. पण ज्या कणांचा शोध घ्यावयाचा, ते मुळात असतात कोठे? अनेक जड मूलकण आपल्याभोवती शिल्लक नाहीत. ते जन्मताच क्षणाच्या अतिसूक्ष्म भागात नष्ट होतात आणि त्यांचे रूपांतर हलक्या कणांमध्ये होते. त्यांना पाहावयाचे, तर आधी निर्माण करावे लागते.

आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार ऊर्जा आणि वस्तुमान ही एकमेकांत बदलू शकतात. दोन कण प्रचंड वेगाने समोरासमोर आदळले, तर त्यांच्या गतीच्या ऊर्जेतून पूर्वी तेथे नसलेले कण जन्माला येतात. टक्कर म्हणजे कण फोडून त्याचे सुटे भाग मिळवणे, असा एक गैरसमज आढळतो. प्रत्यक्षात घडते ते अधिक अद्भुत असते. दोन सायकली एकमेकींवर आदळाव्यात आणि त्या धडकेतून भरलेली बैलगाडी बाहेर पडावी, तसा हा प्रकार आहे.

यासाठी उभारलेले सर्वांत शक्तिशाली यंत्र म्हणजे ‘लार्ज हॅड्रॉन कोलायडर’. जिनिव्हा शहराजवळ, स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवर, जमिनीखाली सुमारे १०० मीटर खोल आणि २७ किलोमीटर परिघाच्या वर्तुळाकार बोगद्यात ते बसवलेले आहे. ‘सर्न’ ही युरोपीय संस्था ते चालवते. २००८ साली ते प्रथम सुरू झाले. प्रोटॉनांचे दोन झोत त्यात परस्परविरुद्ध दिशांनी धावतात आणि सेकंदाला अकरा हजारांहून अधिक फेऱ्या पूर्ण करतात. त्यांना वळवत ठेवण्यासाठी हजारो अतिशीत चुंबक लागतात. एकेका मोठ्या चुंबकाचे वजन ट्रकाहून कितीतरी अधिक. आणि तो आपल्या जागी अगदी अचूक बसला पाहिजे. हे चुंबक पेलून अचूक जागी ठेवणारे सुमारे सात हजार आधार भारताने बनवून पाठवले. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने या कामाची धुरा सांभाळली.

कांद्याच्या पापुद्र्यांसारखे यंत्र

बोगद्यात चार ठिकाणी प्रोटॉनांचे झोत एकमेकांना भिडवले जातात. तेथे टकरींतून निघणाऱ्या कणांची नोंद करणारी महाकाय शोधकयंत्रे उभी आहेत. त्यांपैकी ‘सीएमएस’ या यंत्राची लांबी २१ मीटर, उंची १५ मीटर आणि वजन सुमारे १४,००० टन आहे. कांद्याला जसे एकावर एक पापुद्रे असतात, तसे या यंत्राला एकावर एक थर आहेत. प्रत्येक थराचे काम निराळे आहे.

सर्वांत आतील थर सिलिकॉनच्या पातळ चकत्यांचा. विद्युतभारित कण त्यांतून जाताना प्रत्येक चकतीवर आपली खूण ठेवतो. खुणा जोडल्या की त्याचा मार्ग स्पष्ट होतो. त्याबाहेर शिसे आणि टंगस्टन यांच्या संयुगाचे सुमारे ७६,००० पारदर्शक स्फटिक आहेत. इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकण येथे थांबतात आणि आपली सारी ऊर्जा स्फटिकांना देतात. तिसरा थर पितळ आणि प्लॅस्टिक यांचा आहे. प्रोटॉन, न्यूट्रॉन व त्यांच्या जातीचे कण येथे अडतात. या थराच्या काही भागासाठी वापरलेले पितळ रशियन नौदलाच्या जुन्या तोफगोळ्यांच्या आवरणांतून मिळवण्यात आले. युद्धासाठी घडवलेला धातू अशा रीतीने ज्ञानाच्या कामी लागला.

या तिन्ही थरांना कवेत घेणारा एक प्रचंड विद्युतचुंबक आहे. त्याचे बल पृथ्वीच्या चुंबकीय बलाच्या सुमारे एक लाखपट आहे. कणांच्या मार्गांना वळण देणे हे त्याचे काम. अगदी बाहेरच्या थरांत लोखंडाच्या जाड भिंतींमधून केवळ ‘म्युऑन’ हे कण आरपार जातात. म्हणून तेथे त्यांची नोंद होते. कोणता कण कोठे थांबला, यावरून तो कोण हे ठरते. न्यूट्रिनो मात्र सर्व थर ओलांडून काही न सांगता निघून जातो.

मुंबईत घडलेला थर

येथे पुन्हा हिशेबाचा प्रश्न येतो. टांगलेला फटाका फुटला, तर त्याचे तुकडे चोहीकडे उडतात. सारे तुकडे केवळ पूर्वेकडे उडालेले दिसले, तर पश्चिमेकडेही काही तरी गेले असले पाहिजे, असे आपण म्हणू. प्रोटॉनांचे झोत समोरासमोर येतात, तेव्हा त्यांना आडव्या दिशेने जवळजवळ काहीच गती नसते. म्हणून टकरीनंतर आडव्या दिशांनी निघालेल्या सर्व कणांची गती एकत्र मोजली, तर एका बाजूची दुसऱ्या बाजूशी फिटंफाट झाली पाहिजे. ती झाली नाही, तर एखादा न दिसणारा कण निसटला असे समजते. १९८३ साली सर्नमध्येच ‘डब्ल्यू’ हा जड कण सापडला, तो अशाच तुटीच्या आधारे. त्यातून निघालेला इलेक्ट्रॉन दिसला होता. त्याच्या जोडीचा न्यूट्रिनो दिसला नव्हता, तो हिशेबातून ओळखावा लागला.

परंतु तूट खरी आहे, हे कशावरून समजावे? गल्ल्याच्या तळाला फट असेल आणि नाणी तीतून घरंगळत असतील, तर दुकानदार विनाकारण चोराचा संशय घेईल. सीएमएस यंत्रात अशी फट राहण्याची शक्यता होती. तिसरा थर चुंबकाच्या पोकळीत बसवावयाचा असल्याने त्याची जाडी मर्यादित ठेवणे भाग होते. अतिशय जोरदार कण त्यात पूर्ण थांबत नाहीत; त्यांची थोडी ऊर्जा बाहेर झिरपते. ती मोजली गेली नाही, तर हिशेबात खोटी तूट दिसेल आणि नसलेला कण असल्याचा भास होईल.

ही फट बुजवण्याचे काम भारतीय गटाने स्वीकारले. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि चंदीगडचे पंजाब विद्यापीठ यांनी चुंबकाच्या बाहेर बसणारा एक जादा थर घडवला. तो खास प्लॅस्टिकच्या फरशांचा आहे. कण या प्लॅस्टिकमधून गेला की क्षीण निळसर प्रकाश चमकतो. फरशीत कोरलेल्या खाचांमध्ये बारीक तंतू बसवलेले असतात. ते हा प्रकाश शोषून हिरव्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर नेतात आणि तेथे त्याचा विद्युत संकेत होतो. प्रकाश वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक फरशीला पांढरे वेष्टन, तर बाहेरचा प्रकाश आत शिरू नये म्हणून त्यावर काळे वेष्टन. एक सेंटिमीटर जाडीच्या अशा २,७३० फरशा ४३२ तबकांत मांडून हा थर तयार झाला. यंत्राच्या आणखी एका भागासाठी लागणारे सिलिकॉनचे शोधक भाभा अणुसंशोधन केंद्र, दिल्ली विद्यापीठ आणि बंगळूरचा भारत इलेक्ट्रॉनिक्स हा कारखाना यांच्या सहकार्याने बनले.

हा बाहेरचा थर वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत क्वचितच आला असेल. स्वतः नवा कण शोधून काढणे हे त्याचे कामच नव्हे. इतरांनी ‘येथे काही तरी हरवले आहे’ असे म्हटले, तर ते खरोखरच हरवले आहे काय, याची खातरजमा करणे हे त्याचे काम. अँडरसनच्या शिशाच्या पट्टीचाच हा थोरला भाऊ म्हणावा लागेल.

योगायोग की शोध?

सीएमएस यंत्राच्या मध्यभागी प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला चार कोटी वेळांपर्यंत एकमेकांना ओलांडतात. साऱ्याची नोंद ठेवणे कोणत्याही संगणकाला शक्य नाही. म्हणून वेगवान विद्युत मंडले आणि संगणक यांच्या दुहेरी चाळणीतून सेकंदाला सुमारे हजार नोंदी निवडल्या जातात. बाकीच्या कायमच्या सोडून द्याव्या लागतात. धान्य पाखडताना सुपातून चांगला दाणाही उडून जाऊ नये, याची जशी काळजी घ्यावी लागते, तशीच येथेही घ्यावी लागते.

निवडलेल्या नोंदींतही नव्या कणाची खूण सहज दिसत नाही. ‘हिग्ज बोसॉन’ या कणाचे उदाहरण घेऊ. मूलकणांना वस्तुमान कसे प्राप्त होते, याचे स्पष्टीकरण देणाऱ्या सिद्धांतातून १९६४ साली या कणाची कल्पना पुढे आली. त्याच्या नावातील ‘बोसॉन’ हा शब्द भारतीय शास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून आला आहे. अब्जावधी टकरींमागे एखादाच हिग्ज कण निर्माण होतो आणि तत्क्षणी नष्ट होतो. हजारांपैकी दोन-तीन वेळा त्याचे रूपांतर दोन प्रकाशकणांत होते. असे दोन प्रकाशकण इतरही अनेक कारणांनी निर्माण होतात. म्हणून शास्त्रज्ञ अशा सर्व जोड्यांची ऊर्जा मोजून त्यांचा आलेख काढतात. एखादा कण खरोखर असेल, तर त्याच्या वस्तुमानाच्या ठिकाणी आलेखावर लहानसा उंचवटा दिसतो.

पण उंचवटा योगायोगानेही दिसू शकतो. नाणे चार वेळा उडवले आणि चारही वेळा छापा पडला, तर नाणे खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. ओळीने बावीस वेळा छापा पडला, तर मात्र संशय घेणे योग्य ठरेल. मूलकणांच्या संशोधनात असाच कठोर दंडक आहे. केवळ योगायोगाने असा उंचवटा दिसण्याची शक्यता सुमारे पस्तीस लाखांत एक इतकी कमी झाल्याशिवाय ‘शोध लागला’ असे म्हणावयाचे नाही. मनातील इच्छा निकालात शिरू नये, यासाठीही काळजी घेतात. २०१२ साली सीएमएसच्या संशोधकांनी आलेखातील महत्त्वाचा भाग स्वतःपासूनच झाकून ठेवला होता. मोजण्याची रीत पूर्णपणे ठरल्यानंतर, जूनमध्ये तो उघडण्यात आला. ४ जुलै २०१२ रोजी सीएमएस आणि ‘ॲटलस’ या दोन स्वतंत्र गटांनी आपापले निष्कर्ष मांडले. दोघांनाही एकाच ठिकाणी, म्हणजे प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट वस्तुमानाशी, नवा कण आढळला होता. पुढच्या वर्षी पीटर हिग्ज आणि फ्रांस्वा आंग्लेर यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या दंडकाचे महत्त्व दुसऱ्या एका घटनेवरून अधिक चांगले कळते. डिसेंबर २०१५ मध्ये याच दोन गटांच्या आलेखांत, हिग्जच्या सहापट वस्तुमानाजवळ, आणखी एक उंचवटा दिसला. तो खरा ठरता, तर भौतिकशास्त्रातील एका नव्या पर्वाचा आरंभ झाला असता. त्याचे स्पष्टीकरण देणारे शेकडो निबंध काही महिन्यांत लिहिले गेले. परंतु उंचवटा ठरलेल्या दंडकापर्यंत पोहोचला नव्हता. म्हणून दोन्ही गटांनी शोधाचा दावा केला नाही. अधिक टकरी नोंदल्या गेल्या आणि ऑगस्ट २०१६ मध्ये तो उंचवटा मावळल्याचे जाहीर झाले. तो केवळ योगायोग होता. कोणालाही शब्द मागे घ्यावा लागला नाही, कारण तो दिलाच नव्हता.

कोठे शोधावे?

जंगल अफाट असले की माग काढणाऱ्याला कोठून आरंभ करावा, हे माहीत असावे लागते. नवा कण असलाच तर तो कोणत्या खुणा सोडील, याचे गणित आधी मांडणे, हे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांचे काम होय. यासाठी गणित आणि भौतिकी यांची घट्ट सांगड लागते. 

या क्षेत्रात डॉ. रोहिणी गोडबोले यांचे नाव जगभर आदराने घेतले जाते. त्यांचा जन्म १९५२ साली पुण्यात झाला. हुजूरपागा शाळा, सर परशुरामभाऊ महाविद्यालय आणि पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था असा त्यांचा शिक्षणप्रवास झाला. अमेरिकेत पीएच.डी. मिळवून त्या मायदेशी परतल्या. मुंबईत टाटा संस्थेत संशोधन आणि मुंबई विद्यापीठात अध्यापन केल्यानंतर, १९९५ पासून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था ही त्यांची कर्मभूमी झाली. कोलायडरमध्ये नवे कण कसे ओळखावेत, हाच त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता. मानुएल ड्रीस यांच्यासह त्यांनी केलेल्या एका संशोधनातून असे दिसले, की अतिशय ऊर्जावान प्रकाशकण एकमेकांवर आदळले तरी त्यांतून पुष्कळ नको असलेले कण निघू शकतात. भावी कोलायडरची आखणी करताना हा ‘पालापाचोळा’ आधीच हिशेबात धरला पाहिजे, नाही तर खरे ठसे त्याखाली झाकले जातील. हा परिणाम आज त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो.

विज्ञानात स्त्रियांना बरोबरीचे स्थान मिळावे, यासाठीही त्या झटल्या. भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांची आत्मकथने एकत्र करणारा ‘लीलावतीज डॉटर्स’ हा ग्रंथ त्यांनी राम रामस्वामी यांच्यासह संपादित केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. कामे होत होती, पण नोंदवहीत नावे दिसत नव्हती. ही उणीवही त्यांनी हेरली, असे म्हणता येईल. २०१९ साली ‘पद्मश्री’ देऊन त्यांचा गौरव करण्यात आला. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

रिकामा रकाना

ज्या कणांवर डॉ. गोडबोले यांनी ग्रंथ लिहिला, ते ‘सुपरसिमेट्री’ या सिद्धांताने सुचवलेले कण अद्याप सापडलेले नाहीत. त्यांच्या शोधामागे मोठे कारण आहे. दीर्घिकांच्या फिरण्याच्या गतीवरून असे दिसते, की विश्वातील पदार्थांपैकी सुमारे पाच-षष्ठांश पदार्थ आपल्याला दिसतच नाही. त्यास ‘कृष्णद्रव्य’ म्हणतात. ते कशाचे बनले आहे, हे कोणासही ठाऊक नाही. कृष्णद्रव्याचा कण एखाद्या टकरीत निर्माण झालाच, तर तोही न्यूट्रिनोप्रमाणे सारे थर ओलांडून निसटेल आणि मागे केवळ तूट ठेवील. त्या दिवशी तूट खरी की खोटी, हे सांगताना मुंबईत घडलेल्या त्या साध्या फरशांचीही साक्ष काढली जाईल.

तोवर ‘सापडले नाही’ ही नोंदही वाया जात नाही. अमुक वस्तुमानापर्यंत असा कण नाही, हे कळले की तेवढे जंगल पाहून झाले. पुढच्या माणसाला तेथे पुन्हा हिंडावे लागत नाही. जे खात्रीने ठाऊक आहे ते लिहावे, जे नाही त्याचा रकाना रिकामा ठेवावा, हा या शास्त्राचा शिरस्ता आहे. पाउलीने मांडलेल्या कणासाठी सव्वीस वर्षे आणि हिग्ज कणासाठी अठ्ठेचाळीस वर्षे असा रकाना रिकामा राहिला होता. कृष्णद्रव्याचा रकाना आजही रिकामा आहे.

स्वाध्याय

१. अँडरसनने पेटीत शिशाची पट्टी बसवली नसती, तर कोणती शंका उरली असती?

२. ‘गल्ल्याच्या तळाला असलेली फट’ हा दाखला लेखात कशासाठी दिला आहे? ती फट कोणी व कशी बुजवली?

३. डिसेंबर २०१५ मध्ये दिसलेल्या उंचवट्याच्या बाबतीत संशोधकांनी कोणता संयम दाखवला? तुमच्या व्यवहारातील एखाद्या उदाहरणाच्या साहाय्याने त्या संयमाचे महत्त्व सांगा.

४. ‘सापडले नाही ही नोंदही वाया जात नाही,’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.